विक्षिप्तपणा हा पुरावा नव्हे

संपादक महोदय,

घरात अडकून पडण्याची वेळ आली की ‘काय पाहावे’ याच्या याद्या छापून येतात आणि त्यांत खऱ्या गुन्ह्यांवरच्या माहितीपट-मालिका हमखास असतात. मालिका जितकी अजब, तितकी ती यादीत वर. या मालिका पाहू नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही, काही तर फार मोलाच्या आहेत. पण त्या कशा बनतात हे ठाऊक नसेल तर प्रेक्षक एका ठरावीक जागी फसतो. पडद्यावरचा माणूस जेवढा विचित्र, तेवढा तो दोषी वाटू लागतो. त्याबद्दल, आणि मालिका डोळसपणे कशी पाहावी याबद्दल, थोडे सविस्तर लिहीत आहे.

‘टायगर किंग’चेच उदाहरण घेऊ. सात भागांची ही मालिका २० मार्च २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा देशामागून देश टाळेबंदीत जात होते. निल्सनच्या मोजणीनुसार पहिल्या दहा दिवसांत एकट्या अमेरिकेत ३ कोटी ४३ लाख लोकांनी ती पाहिली. त्यांच्या लक्षात काय राहिले? खासगी प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या जो एक्झॉटिकची सोनेरी झुलपे, कमरेचे पिस्तूल, वाघाची पिल्ले, गाण्यांचे व्हिडिओ आणि ‘नवऱ्याला वाघांपुढे टाकणारी बाई’. खटला नेमका कशाचा होता, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. ओक्लाहोमातल्या संघीय न्यायालयात एप्रिल २०१९ मध्ये ज्यूरीने त्याला एकूण १९ आरोपांत दोषी ठरवले. त्यांतले दोन सुपारी देऊन खून करवण्याच्या प्रयत्नाचे होते आणि उरलेले १७ वन्यजीव कायद्यांखालचे. पाच वाघ मारणे आणि प्राण्यांच्या व्यवहाराच्या खोट्या नोंदी करणे, हे त्या सतरांत येते. एका नोकराला दिलेले ३,००० डॉलर आणि एफबीआयच्या वेषांतर केलेल्या माणसाबरोबर झालेले, ध्वनिमुद्रित केलेले बोलणे, हा सुपारीच्या आरोपातला महत्त्वाचा पुरावा. जानेवारी २०२० मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली, फेरसुनावणीनंतर जानेवारी २०२२ मध्ये ती २१ वर्षांवर आली.

आता दुसरी बाजू. जिच्या खुनाची सुपारी दिली गेली त्या, वाघ-सिंहांचे आश्रयस्थान चालवणाऱ्या कॅरोल बास्किन यांचे तेव्हाचे पती डॉन लुईस ऑगस्ट १९९७ मध्ये बेपत्ता झाले आणि २००२ मध्ये त्यांना कायद्याने मृत घोषित करण्यात आले. या प्रकरणात बास्किन यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेलेला नाही. तरी मालिकेचा जवळजवळ एक अख्खा भाग त्या संशयाला दिलेला आहे. फुलांचा मुकुट, बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे, सायकलवरून फेरफटका, चेहऱ्यावरचे हसू अशी दृश्ये संशयाच्या वाक्यांना चिकटवली की प्रेक्षकाच्या मनात निकाल लागून जातो. ज्या बाईला मारण्याची सुपारी दिली गेली, तीच जगभर चेष्टेचा आणि धमक्यांचा विषय झाली. हे अपघाताने घडत नाही, संकलनाच्या टेबलावर घडते.

त्याच मालिकेत ती गाणी जो एक्झॉटिकने स्वतः गायल्यासारखी येतात. आवाज दुसऱ्या दोन कलाकारांचे होते आणि तो फक्त ओठ हलवत होता, हे मालिकेत कुठेच सांगितलेले नाही. गोष्ट छोटी आहे. पण जे पात्राच्या रंगात बसत नाही ते गाळले जाते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडतो.

संकलन म्हणजे मुळातच कात्री लावणे. दोन-तीन तासांच्या मुलाखतीतली चार-पाच मिनिटे वापरली जातात. त्यामुळे प्रत्येक सांध्याकडे, म्हणजे दोन तुकडे जोडलेल्या जागेकडे, संशयाने पाहू नये, अडखळणे आणि पुनरुक्ती काढावीच लागते. लक्ष ठेवायचे ते अर्थ बदलणाऱ्या सांध्यावर. बोलणारा माणूस दिसत असताना वाक्य सुरू होते, मध्येच चित्र हातावर, भिंतीवरच्या फोटोवर किंवा रस्त्यावर जाते आणि आवाज चालू राहतो. या चित्रबदलाला कटअवे म्हणतात. अर्थ बदलणारा सांधा असलाच तर तो बहुधा याखाली दडलेला असतो. दोन-तीन वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून एक सलग वाक्य केले तर त्याला या धंद्यात फ्रँकनबाइट म्हणतात. तो ओळखायचा तर हेडफोन लावून दहा सेकंद मागे जावे आणि तीन गोष्टी ऐकाव्यात. वाक्य संपताना आवाज सहसा खाली येतो, तसा तो आला का? दोन शब्दांच्या मध्ये श्वास नैसर्गिक आहे की तोडलेला? आणि मागची घरघर, म्हणजे पंख्याचा, फ्रिजचा, रहदारीचा सूर, मध्येच बदलला का? मागचा सूर सपाट करण्यासाठी त्याच खोलीतला रिकामा आवाज, म्हणजे रूम टोन, खाली पसरतात, आणि काम चांगले झाले असेल तर कानालाही कळत नाही. म्हणून डोळ्यांनीही तपासावे. त्याच मुलाखतीत शर्ट, दाढी, खिडकीतला उजेड बदलला असेल तर ते बोलणे वेगवेगळ्या दिवसांचे आहे, आणि मधल्या काळात साक्षीदाराला नवे काही कळले असण्याची शक्यता धरावी. डब केलेल्या आवृत्तीत यातले काहीच ऐकू येत नाही. मूळ भाषा आणि खाली उपशीर्षके, असेच पाहावे.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण ‘द जिंक्स’ या एचबीओच्या सहा भागांच्या मालिकेचे. शेवटचा भाग १५ मार्च २०१५ रोजी दाखवला गेला आणि आदल्याच दिवशी मालिकेचा विषय असलेल्या, खुनांचा संशय असलेल्या धनाढ्य रॉबर्ट डर्स्टला न्यू ऑर्लिन्समध्ये अटक झाली. त्याआधी मालिकेसाठीची मुलाखत संपल्यावर तो स्वच्छतागृहात गेला होता, कपड्यावरचा माइक चालूच राहिला आणि तो स्वतःशी पुटपुटला. मालिकेच्या शेवटी ऐकू येते ते असे: ‘मी हे काय केले? सगळ्यांना मारले, अर्थातच.’ प्रश्न आणि लगेच उत्तर, म्हणजे कबुलीच. पुढे २०१९ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून पूर्ण उतारा बाहेर आला तेव्हा कळले की मूळ क्रम उलटा होता. ‘सगळ्यांना मारले’ हे आधी आले होते, मग मध्ये बरीच तुटक, काही न समजणारी वाक्ये, आणि ‘मी हे काय केले’ हे अगदी शेवटी. डर्स्टला सप्टेंबर २०२१ मध्ये त्याची मैत्रीण सूझन बर्मनच्या खुनाबद्दल ज्यूरीने दोषी ठरवले. तरीही त्या दोन वाक्यांचा क्रम बदलणे आमच्या मते अयोग्यच होते. निकाल बरोबर निघाला म्हणून सांधा प्रामाणिक ठरत नाही.

घटनेच्या पुनर्निर्मितीबाबत एकच प्रश्न पुरतो: हे दृश्य कोणाच्या सांगण्यावरून उभे केले आहे? १९८८ च्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये एरॉल मॉरिस यांनी डॅलसमधल्या पोलिसाच्या खुनाचे दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले, पण दर वेळी वेगळ्या साक्षीनुसार, त्यामुळे साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसले. रँडल डेल ॲडम्स या खटल्यात आधी फाशीची, मग जन्मठेपेची शिक्षा झालेला. तो १९८९ मध्ये सुटला. आजच्या बऱ्याच मालिका याच्या उलट करतात. धूसर प्रकाशात, संथ गतीने, एकच आवृत्ती चारदा दाखवतात, आणि चौथ्या खेपेला ती आपल्याला आठवण वाटू लागते.

कागदपत्र पडद्यावर आले की थांबवावे. एक ओळ पिवळी करून बाकीचे पान धूसर केलेले असते. दिसेल तेवढे पान वाचावे, विशेषतः त्या ओळीच्या आधीचे वाक्य, तारीख आणि कागद कोणाचा आहे ते: पोलिसांचा जबाब, वकिलाचा अर्ज की न्यायालयाचा आदेश. वकिलाच्या अर्जातले वाक्य हा त्या बाजूचा दावा असतो. मालिकेत मात्र तिन्ही कागद एकाच गंभीर संगीतावर येतात.

कबुलीजबाबाचे चित्रीकरण पाहताना कागदावर दोन रकाने करावेत, ‘पोलीस’ आणि ‘आरोपी’. गुन्ह्याचा प्रत्येक तपशील आधी कोणाच्या तोंडून आला त्या रकान्यात खूण करावी. ‘मेकिंग अ मर्डरर’ या डिसेंबर २०१५ च्या दहा भागांच्या मालिकेत टेरेसा हॅलबाख या तरुणीच्या खुनाबद्दल सोळा वर्षांच्या ब्रेंडन डॅसीची चौकशी आहे. खोलीत पालक नाही, वकील नाही. टेरेसाच्या डोक्याला काय केले, असे त्याला पुन्हा पुन्हा विचारले जाते. तो केस कापले म्हणतो, ठोसा मारला म्हणतो. अखेर अधिकारीच विचारतो की तिच्या डोक्यात गोळी कोणी घातली. गोळीचा तपशील पोलिसांच्या रकान्यात पडतो. इथे मालिकेने मोठे काम केले, कारण एरवी हे कोणी पाहिलेच नसते. पण याच मालिकेबद्दल सरकारी वकिलाचा आक्षेपही वाचायला हवा. टेरेसाच्या गाडीच्या बॉनेटच्या कडीवर मुख्य आरोपी, ब्रेंडनचा मामा स्टीव्हन एव्हरी याचा डीएनए सापडल्याचा पुरावा मालिकेने गाळला, असे त्याचे म्हणणे होते. टेरेसाच्या घरच्यांनी मालिकेत भाग घेतला नाही. जिथे एक बाजू बोलतच नाही तिथे बोलणाऱ्या बाजूचे वकील आपोआप नायक होतात. त्या भरात एक लाखाहून अधिक लोकांनी एव्हरी आणि डॅसी यांना माफी द्या म्हणून व्हाइट हाउसकडे अर्ज केला. राज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यात राष्ट्राध्यक्षांना माफीचा अधिकारच नाही, असे उत्तर जानेवारी २०१६ मध्ये आले. दहा तास मालिका पाहणाऱ्यांना एवढी साधी गोष्ट तिथे कळलेली नव्हती.

अजब तपशिलाची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती आजारी आणि मेलेल्या माणसांना. लॉस एंजेलिसच्या सेसिल हॉटेलवरची चार भागांची मालिका फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. एलिसा लॅम ही तरुणी २०१३ मध्ये तिथल्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत मृत सापडली होती. लिफ्टमधल्या तिच्या हालचालींचा व्हिडिओ जगभर फिरला, भुताखेतांपासून सरकारी कटापर्यंत सगळे तर्क झाले. बंद झाकणाच्या टाकीत ती शिरली कशी, हा या तर्कांचा मुख्य आधार. प्रत्यक्षात ज्या कामगाराला ती सापडली त्याने झाकण उघडे असल्याचे सांगितले होते. तो एक शब्द कळताच डोलारा कोसळतो. शवचिकित्सेचा निष्कर्ष अपघाती बुडून मृत्यू असा होता आणि तिच्या बायपोलर या मानसिक आजाराची त्यात नोंद होती. मालिका हे स्पष्ट सांगते, पण शेवटच्या भागात. तोवर तीन भाग तेच तर्क रंगवून झालेले असतात. इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी एका संगीतकाराला खुनी ठरवले होते, का तर त्याचे व्हिडिओ भयंकर दिसत. तो त्या हॉटेलात राहिला होता खरा, पण तिच्या मृत्यूच्या साधारण वर्षभर आधी.

बुराडीच्या प्रकरणातही तेच झाले. दिल्लीत १ जुलै २०१८ रोजी एका घरात ११ जण मृत सापडले आणि लगेच घराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या ११ पाइपांची चर्चा दिवसरात्र सुरू झाली. पाइप हवा खेळती राहावी म्हणून बसवलेले होते. महत्त्वाच्या होत्या त्या घरात सापडलेल्या वह्या. २०२१ ची तीन भागांची मालिका तिसऱ्या भागात मानसिक आघात, कुटुंबातली सत्ता आणि न बोलता येणारे दुःख यांकडे वळते, आणि तोच तिचा सर्वांत चांगला भाग आहे. पाहणारे पहिल्या भागातल्या पाइपांवरच थांबले तर नुकसान त्यांचे.

उलटेही होते, विचित्रपणाच्या गर्दीत गुन्हाच हरवतो. ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ पाहिलेल्यांना रजनीशपुरमचे, म्हणजे ओशो रजनीशांच्या अमेरिकेतल्या वसाहतीतले, लाल कपडे आणि रोल्स-रॉइसची रांग आठवते. पण १९८४ मध्ये ओरेगॉनमधल्या द डॅल्स गावात रजनीशांच्या काही अनुयायांनी रेस्टॉरंटांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडले, हा आकडा त्यांच्या तोंडी येत नाही.

बनवणारा कोण आणि आरोपीच्या किती जवळ, हेही पाहावे लागते. ‘द स्टेअरकेस’चे फ्रेंच पथक पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या लेखक मायकल पीटरसनच्या घरात, त्याच्या वकिलांच्या बैठकांत वावरत होते. मालिकेची एक संकलक आणि पीटरसन यांच्यात पुढे अनेक वर्षांचे प्रेमसंबंध होते, हे दिग्दर्शकानेच २०१८ मध्ये सांगितले. कामावर त्याचा परिणाम झाला नाही, असेही तो म्हणाला. प्रेक्षकाला हे पहिल्या भागाआधी ठाऊक असायला हवे होते. याच खटल्याच्या शेवटी ‘अल्फर्ड प्ली’ येते आणि तिथे अनेक जण गोंधळतात. २००३ ची शिक्षा रद्द होऊन फेरखटल्याचा आदेश झाला होता, कारण रक्ताच्या शिंतोड्यांबद्दल साक्ष देणाऱ्या सरकारी तज्ज्ञाने दिशाभूल केल्याचे २०११ मध्ये न्यायालयाला आढळले. २०१७ मध्ये पीटरसनने अल्फर्ड प्ली स्वीकारली. म्हणजे आरोपी गुन्हा कबूल करत नाही, पण आपल्याला दोषी ठरवण्याइतका पुरावा सरकारकडे आहे हे मान्य करतो, आणि नोंद दोषी म्हणूनच होते. तो ‘निर्दोष सुटला’ म्हणणे चूक, ‘कबूल झाला’ म्हणणेही चूक.

आता वेळेचे. सात भागांची मालिका म्हणजे पाच तासांहून अधिक. भागाची शेवटची तीन ते पाच मिनिटे पुढचा भाग लावायला भाग पाडण्यासाठीच रचलेली असतात: नवे नाव, अर्धवट वाक्य, काळा पडदा. म्हणून भाग संपल्यावर थांबणे कठीण जाते. सोपा उपाय असा की पुढच्या भागाची पहिली दहा मिनिटे पाहावीत आणि तिथे थांबावे. टांगून ठेवलेला प्रश्न तोवर बहुधा सुटतो आणि ओढ ओसरते. पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंदच करावे. नेटफ्लिक्सवर खात्यात जाऊन प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमधली खूण काढावी लागते, आणि ती प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी काढावी लागते. एकाची काढून भागत नाही. दिवसाला दोन भाग पुरे, आणि झोपण्यापूर्वीचा शेवटचा कार्यक्रम हा नसावा. बाहेर जायची सोय नसते तेव्हा मनात घोळणारे विचार झटकायलाही जागा नसते.

टिपणे काढायची तर भागाला एक पान. तारीख, दावा, सांगणारा, आणि त्याला ते कसे माहीत (स्वतः पाहिले, ऐकले, कागदावर वाचले), एवढेच लिहावे. सगळे लिहू लागले की दुसऱ्या भागातच कंटाळा येऊन वही बंद होते. म्हणून तारीख किंवा कागद दिसला तरच लिहावे. दोन भागांनंतर तारखा ओळीने लावल्या की मालिकेने कोणता काळ मागेपुढे केला ते दिसते. निकाल आधी वाचल्याने मजा जाते असे मानतात. आमचे मत उलट आहे. दोषी कोण ठरले हे आधीच कळले की मग प्रत्येक भागात काय लपवले जात आहे ते दिसू लागते, आणि ते पाहणे जास्त रंजक असते. एक मोजणी आवर्जून करावी: घड्याळ लावून, मेलेल्या व्यक्तीच्या आयुष्याबद्दल मालिका एकूण किती मिनिटे बोलते. ती काय काम करत होती, कोणाची कोण होती, तिला काय आवडे. मृतदेह, रक्त आणि शोधमोहीम यात धरू नये.

मालिका संपल्यावर शेवटच्या पाट्यांवरची तारीख पाहावी आणि त्यानंतर न्यायालयात काय झाले ते शोधावे. ‘टायगर किंग’ने ज्या धंद्याचे दर्शन घडवले त्यावर अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला. वाघ-सिंह खासगीरीत्या पाळणे आणि लोकांना त्यांच्या पिल्लांना हाताळू देणे यांवर बंधने आली. मालिकेतल्या माणसांना संदेश पाठवणे, त्यांच्या व्यवसायावर शेरे लिहिणे, स्वतः तपास करणे या गोष्टी मात्र टाळाव्यात. सेसिल हॉटेलच्या प्रकरणात त्या संगीतकाराला त्याची झळ सोसावी लागली.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. पाहण्याजोग्या मालिकांची यादी छापताना प्रत्येक नावापुढे एक छोटी ओळ द्यावी: भाग किती आणि एकूण तास किती, खटल्याची आजची स्थिती काय, मालिकेत कोणत्या बाजूने बोलायला नकार दिला, आणि ज्याच्यावर संशय घेतला आहे त्याच्यावर प्रत्यक्षात आरोप ठेवला गेला होता का. तारांकने देण्याला जेवढी जागा लागते त्यापेक्षा ही ओळ फार मोठी होणार नाही.

आपला,
माहितीपट संकलनाच्या क्षेत्रातील एक वाचक